ओहोटीची शाळा

आमच्या घरात जेवायची वेळ खाडी ठरवायची. बाबा दिघीच्या लाँचवर सारंग होते, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात. दिवसभर ते दिघीहून पलीकडे आगरदांड्याला आणि तिथून परत अशा खेपा करायचे. लाँचमधून माणसं जायची, टोपल्या जायच्या, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, नव्या नवऱ्या आणि त्यांच्या करवल्याही जायच्या. जुन्या धक्क्यापाशी गाळ फार. ओहोटी पुरती उतरली की लाँच धक्क्याला लागत नसे. मग ती खोल पाण्यात नांगरून ठेवायची आणि दोन-अडीच तास सगळ्यांना सुट्टी. आज ही सुट्टी बाराला, तर उद्या पाऊणला, परवा दीडला. आई दारात उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकायची. तो थांबला की तवा चुलीवर ठेवायची. बाबा होडीतून काठाला येऊन, चिखलाचे पाय धुऊन ओटीवर चढेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. तांदळाची पांढरी भाकरी आणि कोकम घालून केलेलं मांदेलीचं कालवण. मासळी नसेल त्या दिवशी कांद्यावर परतलेला सुका जवळा. त्या जवळ्याचा वास अजून कुठे आला की मला भूक लागते, जेवून उठले असले तरी.

बाबांबरोबर लाँचवर आणखी दोघे होते. इंजिन सांभाळायचे पांडूकाका. बुटके, बडबडे, कानाला कायम तेलाचा डाग. आणि दोर, नांगर, पुढच्या टोकाला उभं राहून पाण्यावर नजर ठेवणं, ही खलाशाची कामं इब्राहिमचाचांकडे. चाचा बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. बाबा म्हसळ्याकडच्या भातशेतीवाल्या गावातून अठराव्या वर्षी इथं आले, तेव्हा त्यांना पोहायलासुद्धा येत नव्हतं. खाडी त्यांना चाचांनीच दाखवली. तरी पुढे सारंग झाले ते बाबा, कारण बाबांचा आवाज मोठा होता, माणसं त्यांचं ऐकायची, आणि चाचांना पुढे पुढे करणं कधी जमलंच नाही. याबद्दल दोघांत कधी शब्द झाल्याचं मला आठवत नाही.

माझी बारावीची परीक्षा झाली, शिमगा झाला, आणि लाँचच्या मालकाकडून निरोप आला. नियम कडक झाला होता. सुकाणू धरणाऱ्याजवळ आणि इंजिन चालवणाऱ्याजवळ सरकारी प्रमाणपत्र हवं. पावसाळ्याआधी मुंबईला परीक्षा, थोडी लेखी, बाकी तोंडी. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही त्याला पावसाळ्यानंतर सुकाणूला हात लावता येणार नाही. मालकाला एका लाँचवर दोन सारंग हवे होते, म्हणून चाचांचंही नाव त्यानं घातलं. निरोपासोबत एक पुस्तिका आली. तिचं मराठी असं, की आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनाही दोनदा वाचावं लागलं असतं. बाबा चौथी शिकलेले, पांडूकाका सातवी. चाचा दुसरीत असताना बापाबरोबर होडीवर गेले ते परत शाळेत आलेच नाहीत. अक्षराला अक्षर जोडून सावकाश वाचायचे.

"बावीस वर्षं लाँच चालवतोय," बाबा म्हणाले, "आन् आता मुंबईचा सायब मला इचारनार, उजवीकडं वळताना भोंगा कितींदा वाजवायचा?"

"मग सांगायचा त्याला," आई आतून म्हणाली. "बावीस वर्षं वाजवताव ना?"

आणि ठरलं की शालू शिकवेल. शालू म्हणजे मी. अठरा वर्षांची, निकालाची वाट बघणारी, आणि आयुष्यात जे काही कळायचं ते आपल्याला कळून चुकलंय अशी पक्की खात्री असलेली. ओहोटी लागली की तिघे जेवायचे, पांडूकाका आणि चाचा आपापले डबे आमच्याच ओटीवर उघडायचे, आणि मग माझी शाळा भरायची. मला शिकवायची एकच पद्धत ठाऊक होती, ज्या पद्धतीनं मला शिकवलं गेलं ती. मी वाक्य वाचायचे, ते तिघे मागून म्हणायचे. "जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा असावा." पाटावर फूटपट्टी आपटायचे. शुद्धलेखन घालायचे. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारायचे. लाल पेन मी मुद्दाम विकत आणलं होतं.

पंधरा दिवसांत शाळेची रया गेली. पांडूकाकांना रोज ओहोटीच्याच वेळी इंजिनाला ग्रीस लावायची आठवण व्हायची. चाचा भिंतीला टेकून डोळे मिटायचे आणि माझा आवाज चढला की "हां बेटी, हां" म्हणून पुन्हा मिटायचे. बाबा मात्र सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचे. बरोबर असो, चूक असो, ठासून. मी चूक दाखवली की म्हणायचे, "पुस्तकात चुकलाय त्यो." मला वाटायचं, या माणसांना शिकायचंच नाही. पुढे तीस वर्षं मी मोठ्या माणसांना शिकवलं, रिक्षावाल्यांना, अंगणवाडीच्या मदतनिसांना, चाळिशीनंतर दहावीला बसणाऱ्या बायकांना. नवीन आलेला प्रत्येक तरुण शिक्षक महिन्याभरानं माझ्याकडे येऊन हेच वाक्य म्हणतो. मी त्याला चहा देते आणि पुढची हकीकत सांगते.

मी वीस प्रश्नांची चाचणी घेतली. बाबांना अकरा, पांडूकाकांना नऊ, चाचांना तीन. तिन्ही कागद मी मोठ्यांदा वाचून दाखवले. चाचांच्या कागदावर येऊन म्हणाले, "चाचा, हे तर चौथीतल्या पोराला येईल."

आईच्या हातातली भांडी वाजायची थांबली. चाचांनी कागदाची नीट घडी घातली, ती खिशात ठेवली, टोपी सारखी केली. "बेटी, भरती लागली," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. भरतीला अजून तास होता. ते मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी त्यांनी डबा होडीतच खाल्ला. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत, आणि बाबा बोलत नाहीत म्हणजे काय हे घरात सगळ्यांना कळायचं. आईनं मात्र भाकरी थापता थापता विचारलं, "तुला भाकरी कुणी शिकवलान?"

"तू."

"मी तुझी पयली भाकरी कुणाला दाखवत फिरले होते काय? नकाशाच होता तो."

चौथ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "चल लाँचवर." मी गेले. लाँचवर मी लहानपणापासून शंभरदा बसले असेन, पण प्रवासी म्हणून, पाठ खाडीकडे करून गप्पा मारत. त्या दिवशी बाबांनी मला पुढच्या टोकाला उभं केलं, चाचांच्या शेजारी. चाचा माझ्याकडे बघून हसले, नेहमीसारखे, आणि समोर बघायला लागले. त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं.

खाडीच्या मध्यावर त्यांनी उजवा हात किंचित हलवला. मागे बाबांनी लगेच सुकाणू फिरवलं. मला पाण्यात काहीच दिसलं नव्हतं. थोड्या वेळानं बाजूनं एक जाळं गेलं, पाण्याखाली जेमतेम वीतभर. पुन्हा डावा हात, आणि तिथं पाणी निराळ्या रंगाचं, खाली वाळूचा उंचवटा. समोरून एक मच्छीमार होडी आली. चाचांनी पांडूकाकांकडे न बघताच तीन बोटं वर केली, तसं इंजिन मागे ओढू लागलं आणि भोंगा तीनदा वाजला. तीन भोंगे, इंजिन उलटं. माझ्या चाचणीतला सातवा प्रश्न. चाचांनी तो कोरा सोडला होता.

"चाचा," मी म्हटलं, "हे तर तुम्हाला येतं."

"येतंच की."

"मग लिहिलं का नाही?"

त्यांनी पुढचं पाणी एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "बेटी, तुझ्या सवालाचा जवाब माझ्या हातात हाय. तोंडात न्हाय. तू रोज येतेस आन् जसा काय आमचा डोसकाच रिकामा हाय असा समजून भरत बसतेस. एकदा तरी इचारलास, चाचा, तुमाला काय काय येतंय?"

मी म्हटलं, "माझं चुकलं." चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच म्हटलं, प्रवासी ऐकत होते तरी. चाचा गडबडून म्हणाले, "अगो, असू दे, असू दे." मग म्हणाले, "एक काम कर. माझ्या हातात जे हाय त्याला तुझ्या कागदावर काय म्हणतात, तेवढा सांग. बाकी आमी बघू."

बाकी आम्ही बघू. मी त्यानंतर शिकवण्याबद्दल पुष्कळ ऐकलं, शिबिरांना गेले, पण या वाक्याच्या पुढचं काही मला कुणी सांगितलेलं नाही.

त्या दुपारी पुस्तिका मिटूनच ठेवली. मी तिघांना विचारलं, काय काय येतं? आणि लिहीत गेले. माझी वही भरली. पाण्याच्या रंगावरून खोली, वाऱ्याच्या वासावरून पाऊस, इंजिनाच्या आवाजावरून कुठला भाग कुरकुरतोय ते. मग आम्ही ते पुस्तकात शोधायला लागलो. जवळजवळ अर्धं पुस्तक त्या वहीत आधीच होतं, फक्त नावं वेगळी. उरलेलं अर्धं त्यांनी वाटून घेतलं. आग आणि इंजिन पांडूकाकांकडे, दिवे आणि भोंगे चाचांकडे, बोटींनी एकमेकींना वाट देण्याचे नियम आणि होकायंत्र बाबांकडे. ज्याच्याकडे जो भाग, त्यानं तो आधी स्वतः वाचायचा, अडलं तर मला विचारायचं, आणि मग बाकीच्या दोघांना समजावायचा. माझ्यासाठी एक नियम चाचांनी केला. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

तो पाळणं किती कठीण होतं सांगू! चाचा बोट ठेवून "दी... प... स्तं..." असं जोडत असायचे आणि शब्द माझ्या ओठांवर येऊन थांबलेला असायचा. मी जीभ दाताखाली धरायचे. पण तो शब्द त्यांचा त्यांना सापडला की त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की माझ्या तोंडून तो आधी गेला नाही याचं मला बरं वाटायचं. ओटीवर खडूनं खाडी काढली गेली. आईचं सूप म्हणजे लाँच, पोळपाट म्हणजे मालवाहू जहाज. चाचांनी आईच्या बांगड्या मागून घेतल्या, एक लाल, एक हिरवी, आणि सुपाच्या दोन्ही कडांना ठेवून पांडूकाकांना विचारलं, "अंधारात तुला लाल आन् हिरवा दोन्ही दिसले, तर समोरचा कुठं चाललाय?" पांडूकाका विचार करत बसले. आतून आई ओरडली, "सरळ तुमच्या अंगावर! बाजूला व्हा!" ती सगळं ऐकत होती. पुढे पुढे तर ती कालवण ढवळता ढवळता चुका काढायची. पांडूकाकांनी स्टोव्हचा भडका कसा विझवायचा ते आमच्याच स्वयंपाकघरात करून दाखवलं, आणि ओलं पोतं म्हणून आईची धुतलेली चादर वापरली. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही. पण ग्रीस लावायला जायची आठवण त्यांना पुन्हा झाली नाही.

भांडण झालं ते एकाच नियमावरून. दोन बोटी एकमेकींना आडव्या जात असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते तिनं वाट द्यायची. बाबांना हे मान्यच नव्हतं. "आपल्या खाडीत पान्याच्या ओढीबरोबर येनाऱ्याला वाट देतात. त्याला थांबता येत न्हाय. ह्यो लिवनारा कंदी खाडीत आलाय काय?"

चाचा बाबांना म्हणाले, "गोविंदा, आपल्या खाडीत आपन एकमेकांना वळखतो. कुनाची होडी, कुनाचा हात, सगळा ठावूक हाय. ह्यो कायदा वळख नसलेल्यांसाठी हाय. समोरचा कोन हाय ठावूक नसला तर दोघांना ठावूक असलेली एक गोष्ट पायजे ना?"

पांडूकाका म्हणाले, "पटला." बाबा म्हणाले, "न्हाय पटला." दोन दिवस हे चाललं. बाबांनी आपला भाग समजावला खरा, पण हा नियम मात्र वाचून सोडून दिला. आज मागे वळून बघताना मला दिसतं की त्या दोन-अडीच महिन्यांत चाचांनी शेकडो प्रश्न विचारले असतील, पांडूकाकांनीही. बाबांनी एकही विचारला नव्हता.

परीक्षेला तिघे माणगावमार्गे एस.टी.नं मुंबईला गेले. आईनं घावणे आणि चटणी बांधून दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. पायरीवरूनच पांडूकाकांनी मला खूण केली, गप्प राहा म्हणून. बाबा सरळ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ओटीवर पांडूकाकांनी हळू आवाजात सांगितलं. ते स्वतः पास. चाचा पास, साहेबानं त्यांना दिव्यांचे सगळे प्रश्न विचारले आणि शेवटी "चाचा, इतके दिवस होता कुठे?" म्हणून हात मिळवला. बाबांना त्यानं दोन आडव्या बोटींचं विचारलं. बाबांनी त्याला सांगितलं, पुस्तक चुकलंय. त्यानं पुन्हा विचारलं, दुसऱ्या शब्दांत. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, जास्त मोठ्या आवाजात.

चाचा एवढंच म्हणाले, "दिवाळीनंतर परत हाय परीक्षा."

माझा निकाल लागला, चांगले मार्क होते. पेढे आणले पण कुणी आनंदानं खाल्ले नाहीत. पावसाळाभर लाँच काठावर ओढलेली होती. तिला डांबर लावताना बाबा आणि चाचा शेजारी शेजारी काम करायचे, बोलायचे नाहीत. नारळी पौर्णिमा झाली, पाणी निवळलं आणि पहिली खेप सुटायचा दिवस आला. मी आणि आई धक्क्यावर गेलो. आईनं जायला नको म्हटलं होतं, आणि तीच माझ्याआधी निघाली.

चाचा सुकाणूपाशी उभे होते. नवा पांढरा सदरा घातला होता आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे उभे होते. बाबा धक्क्यावर होते, खुंट्याशी. ओळखीची माणसं लाँचमध्ये चढत होती आणि कुणी बाबांच्या नजरेला नजर देत नव्हतं. बाबांनी दोर सोडला, उडी मारून आत चढले, लाँचच्या पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोर सुटला, सारंग!"

चाचांनी भोंगा वाजवला. आईनं पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाली, "बघ, जमला त्यांना." कुणाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. मी माणगावच्या कॉलेजातून शनिवारी घरी आले होते. ओहोटी दुपारी होती. जेवणं झाली, पांडूकाका लवंडले, चाचा पान लावत होते. बाबा आत गेले आणि पुस्तिका घेऊन आले. ती त्यांनी चाचांसमोर ठेवली, उघडली, आणि त्या नियमावर बोट ठेवलं.

"इब्राहिम," बाबा म्हणाले, "ह्ये मला समजत न्हाय."

मी बावीस वर्षं लाँच चालवलेल्या सारंगाच्या तोंडून, माझ्या बापाच्या तोंडून, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. आत आईनं स्टोव्ह बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. चाचांनी पान बाजूला ठेवलं. मला वाटलं आता ते समजावतील, ओळख नसलेल्या माणसांबद्दलचं ते पुन्हा सांगतील. त्यांनी खडू उचलला आणि बाबांच्या हातात दिला.

"काढ," म्हणाले. "तुला काय दिसतंय ते काढ आधी."

बाबांनी खाडी काढली. दोन होड्या काढल्या, पाण्याची ओढ दाखवणारा बाण काढला. चाचांनी तो बाण तळव्यानं पुसला. "ही आपली खाडी न्हाय असा समज. तुला पानी ठावूक न्हाय. समोरचा कोन हाय ठावूक न्हाय. आता?" बाबा त्या दोन होड्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यालाबी मी ठावूक न्हाय." आणि थोड्या वेळानं, "म्हंजे त्यो पन भ्यालेला असनार." चाचा म्हणाले, "व्हय." एवढंच. पण त्यानंतर बाबांनी जे प्रश्न विचारायला सुरुवात केली, ते भरती लागली तरी थांबेनात. दोघांना होडीपर्यंत पळत जावं लागलं, आणि पळतानाही बाबा मागे वळून चाचांना काहीतरी विचारत होते.

दिवाळीनंतर बाबा पास झाले. लाँचवर दोन सारंग झाले, एक दिवस एकाचा, एक दिवस दुसऱ्याचा. आता तिथून मोटारी वाहून नेणारी मोठी फेरीबोट जाते आणि तिच्यावरच्या मुलांना या दोघांची नावं माहीत नाहीत, त्यात काही बिघडत नाही.

पुढच्या शिमग्याला मी घरी होते. दुपारी ओहोटीला तिघे ओटीवर बसले होते, तेव्हा पलीकडून, आगरदांड्याकडून, पाच खलाशी आमच्या दारात आले. हातात तीच पुस्तिका, चेहरे उतरलेले. त्यांच्यातला एक टोपी काढून म्हणाला, "मास्तरीण हितंच ऱ्हातात ना? आमाला परीक्षेला बसायचाय."

मी उठले. पण बाबा माझ्याआधी बोलले. "मास्तर-मास्तरीण हितं कोन न्हाय. बसा. आन् ता पुस्तक मिटून ठेवा आधी. तुमाला काय काय येतंय, ते सांगा."

मी उठलेच होते, तशीच आत गेले आणि आठ जणांचा चहा टाकला.